स्की बाइंडिंगचा डिन किती ठेवायचा? वजन भागिले दहा हे गणित विसरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. झुरिचजवळ राहणारं कुटुंब. नवरा ३८ वर्षांचा, ८४ किलो, उंची १७१ सेंटीमीटर, स्कीचा दुसरा सीझन, निळ्या पिस्टवर (पिस्ट म्हणजे आखलेला स्कीचा उतार; निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड) आरामात आणि लाल पिस्टवर जपून उतरतो. बायको ३६ वर्षांची, ५३ किलो, १६० सेंटीमीटर, अजून शिकतेय. मुलगी ८ वर्षांची, २४ किलो. शिवाय फेब्रुवारीत नाशिकहून सासरे येणार आहेत, वय ६१, ६८ किलो, १६५ सेंटीमीटर, त्यांनाही एकदा स्की पायात घालून बघायचीय. नवरा-बायकोच्या स्की सेकंडहँड घेतल्यात, नवऱ्याच्या बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीवर, तो किती जोराला सुटेल ते ठरवणारा आधीच्या मालकाचा आकडा ८ वर आहे, आणि ऑफिसातला मित्र म्हणतो की वजन भागिले दहा करायचं असतं, म्हणजे ८.४, तेव्हा आहे तेच बरोबर आहे, हात लावू नकोस.

हात लावा. तुमच्यासाठी तो आकडा बराच जास्त आहे, आणि का ते नीट सांगतो, कारण मी स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातल्या एका स्की दुकानाच्या वर्कशॉपमध्ये हिवाळाभर हेच काम करतो आणि 'वजन भागिले दहा'वाले दर शनिवारी येतातच.

आधी हे बघा की तो स्क्रू नेमकं काय करतो. बूट बाइंडिंगमध्ये दोन ठिकाणी पकडलेला असतो. पुढच्या टो पीसमधून बूट डावी-उजवीकडे सुटतो, म्हणजे पायाला पीळ बसला की, आणि मागच्या हील पीसमधून टाच वर सुटते, म्हणजे तुम्ही पुढे तोंडावर पडत असाल तेव्हा. दोन्हीकडे आत स्प्रिंग आहे आणि ती किती दाबलीय ते खिडकीतला आकडा दाखवतो. हा आकडा म्हणजे किलो नाही, न्यूटन मीटर (पीळ मोजायचं एकक) नाही, नुसता पट्टीवरचा आकडा आहे, जर्मन मानक संस्थेच्या नावावरून त्याला सगळे डिन म्हणतात. सगळा हिशोब नडगीच्या हाडावर बेतलेला आहे: हाड मोडेल एवढा पीळ बसायच्या बऱ्याच आधी बूट सुटला पाहिजे, पण साध्या वळणावर किंवा खडबडीत बर्फावर तो सुटता कामा नये. आपल्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणारे महाभाग असतात ना, डिन उगाच वाढवणारे त्याच जातीचे. दिवे जात नाहीत हे खरं, पण मग वायरिंग जळतं.

आता टेबल. सगळ्या कंपन्यांच्या बाइंडिंगसोबत येतं ते मुळात एकच टेबल आहे, आयएसओ ११०८८ या मानकाला धरून. त्यात पाच गोष्टी लागतात: वजन, उंची, वय, तुम्ही कसं स्की करता तो टाइप, आणि बुटाच्या सोलची लांबी मिलिमीटरमध्ये. मित्राच्या फॉर्म्युल्यात यातली एकच आहे.

वजनावरून एक ओळ मिळते, ओळींना एपासून पुढे अक्षरं दिलीत. ४९ ते ५७ किलो आय, ५८ ते ६६ जे, ६७ ते ७८ के, ७९ ते ९४ एल, ९५ च्या पुढे एम. मोठ्यांसाठी उंचीवरूनही ओळ बघायची: १४९ ते १५७ सेंटीमीटर आय, १५८ ते १६६ जे, १६७ ते १७८ के, १७९ ते १९४ एल. दोन्ही एकाच ओळीत आल्या तर प्रश्नच नाही. वेगळ्या आल्या तर वरची ओळ घ्यायची, म्हणजे कमी आकड्याची.

हा उंचीचा नियम आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावा असं माझं मत आहे. मध्यम उंची आणि तिशीनंतर सुटलेलं पोट हा आपला ठरलेला साचा (मी स्वतः यातलाच आहे), आणि पोटाचा घेर वाढला म्हणून नडगीचं हाड जाड होत नाही. तुम्ही वजनाने एल, उंचीने के. म्हणजे तुम्ही के.

मग टाइप. इथे सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. टाइप १ म्हणजे हळू ते मध्यम वेग, सौम्य ते मध्यम उतार, जपून चालवणारा. टाइप ३ म्हणजे वेगात, तीव्र उतारावर, आक्रमकपणे. टाइप २ म्हणजे या दोन्हीत न बसणारा. ही परीक्षेची श्रेणी नाही, तीसेक वर्षं स्की केलेला उत्तम माणूससुद्धा गुडघ्याची काळजी म्हणून टाइप १ सांगू शकतो आणि आम्ही मुकाट्याने तेच लिहितो. टाइप १ ला ओळ तीच राहते, टाइप २ ला एक ओळ खाली, टाइप ३ ला दोन ओळी खाली. ज्याला ठरवता येत नाही त्याने १ धरायचं. काउंटरवर मित्रांच्या घोळक्यात विचारलं तर कुणीच टाइप १ सांगत नाही हा माझा अनुभव आहे, म्हणून मी शक्यतो विचारतच नाही की तुमचा टाइप कोणता, मी विचारतो की लाल पिस्टवर तुम्ही मध्येमध्ये थांबता का, काळ्यावर कधी गेलायत का, आणि उत्तर आपोआप मिळतं.

वय ५० किंवा जास्त असेल तर शेवटी एक ओळ वर यायचं. ९ किंवा कमी असेल तरी एक ओळ वर.

आता सोलची लांबी. बुटाच्या बाहेरच्या प्लास्टिकवर टाचेजवळ बाजूला ३०५ किंवा ३१५ असा मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो, तो घ्यायचा. २७.५ वगैरे जो बुटाचा साइज आहे तो नाही, तो पायाच्या लांबीचा आहे. एकाच साइजच्या दोन कंपन्यांच्या बुटांचे सोल वेगळ्या लांबीचे असू शकतात, त्यामुळे अंदाज नको, वाचून घ्या. टेबलात हा आकडा का लागतो तर पीळ म्हणजे जोर गुणिले अंतर, सोल लांब असेल तर टो पीसवर कमी जोर पडूनही पायाला तेवढाच पीळ बसतो. त्यामुळे सोल लांब तर डिन कमी, सोल आखूड तर डिन जास्त. लोकांना हे नेहमी उलटं वाटतं.

तर तुमचा सोल ३१५ धरू. ३११ ते ३३० च्या रकान्यात के ओळीला ५.५ येतो, एलला ६.५, एमला ८. म्हणजे टाइप १ सांगितलात तर ५.५ आणि टाइप २ तर ६.५. बाइंडिंगवर आत्ता असलेला ८ हा तुमच्या अंगाच्या माणसाने टाइप ३ म्हणून स्की केली तरच बसतो. के ओळीला बूट सुमारे ४३ न्यूटन मीटर पिळाला सुटायला हवा, एमला ५८ ला. सरळ ३५ टक्के जास्त. आणि पुढे पडताना टाच सुटायला के ला १६५ लागतात, एमला २२९. दुसऱ्या सीझनला माणूस पडतो ते बहुतेक वेळा हळू वेगात, वळण अर्धवट राहून, स्कीचं टोक मऊ बर्फात रुतून, आणि हळू पडण्यात धक्का कमी पण पीळ रेंगाळत बसतो, तिथे हे ३५ टक्के फार महाग पडतात. तुमच्या वर्णनावरून मी तुम्हाला ५.५ वर लावेन, आणि सीझनच्या मध्यात लाल पिस्टवर आत्मविश्वास आला, बूट विनाकारण सुटायला लागला, तर ६.५ कडे जाऊ.

बायकोचं. वजनाने आय, उंचीने जे, म्हणून आय. टाइप १. तिच्या बुटाचा सोल २८५ असेल तर २७१ ते २९० च्या रकान्यात ४.५. वजन भागिले दहाने ५.३ आला असता. इथे एक वेगळीच भानगड बघा: तिच्या सेकंडहँड स्कीवर बाइंडिंग कोणतं आहे? बऱ्याच मोठ्यांच्या बाइंडिंगची पट्टी ३ ते १० असते, ती तिला छान. पण काहींची ४ ते १३ असते आणि त्याहून दणकट बाइंडिंग ६ पासूनच सुरू होतात. ४ पासूनच्या पट्टीवर ४.५ लागेल खरा, पण अगदी तळाशी, आणि ६ पासून सुरू होणारं असेल तर ते तिच्यासाठी नाहीच, कितीही स्वस्तात मिळालेलं असो. आकडा पट्टीच्या मध्याच्या आसपास यावा असं बाइंडिंग घ्यायचं. मोठ्या आकड्याचं बाइंडिंग म्हणजे भारी असा एक समज आहे, तो विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

सासऱ्यांचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. वजन ६८ म्हणजे के, उंची १६५ म्हणजे जे, म्हणून जे. टाइप १, काही बदल नाही. वय ६१, म्हणून एक ओळ वर, आय. भाड्याच्या बुटाचा सोल ३०५ मिळाला तर आकडा येतो ४. मित्राच्या फॉर्म्युल्याने ६.८. एकसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर, आणि बाइंडिंग एखाद्या तरण्याताठ्या गड्याचं. भाड्याने घेताना दुकानात फॉर्म भरून घेतात, त्यात वय खरं लिहायला सांगा, वजन खरं लिहायला सांगा. बरेच काका ४९ लिहितात.

मुलीचं. २४ किलो म्हणजे डी ओळ, लहान मुलांना उंचीची ओळ नसते, वय ८ म्हणून एक ओळ वर, सी. सोलप्रमाणे आकडा १ ते १.५ च्या मध्ये कुठेतरी येईल. एवढा खालचा आकडा फक्त मुलांच्या बाइंडिंगवर असतो, ज्यांची पट्टी ०.७ किंवा ०.७५ पासून सुरू होते. लहान मुलांच्या बुटांचा सोलसुद्धा वेगळ्या मापाचा असतो, तो मोठ्यांच्या प्रत्येक बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही, बसल्यासारखा दिसतो. आणि कृपा करून बूट वाढत्या अंगाचे घेऊ नका. युनिफॉर्मला ते चालतं, इथे नाही, सैल बुटात पाय आत फिरतो आणि तिला स्कीवर ताबाच मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सीझनभरासाठी भाड्याने घ्यायची पद्धत आहे, मुलांसाठी तीच सगळ्यात शहाणपणाची, आणि वजन वाढलं असेल तर अध्येमध्ये जाऊन आकडा परत बघून घ्या, वाढत्या वयात दोन-तीन किलोंनी ओळ बदलते.

इथपर्यंत आकडा मिळाला, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात, घरचा स्क्रूड्रायव्हर घेतात, फिरवतात, झालं. खरं काम यानंतर सुरू होतं, कारण खिडकीत ५.५ दिसतोय म्हणून बूट ४३ न्यूटन मीटरला सुटेल याची काहीच खात्री नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बूट आणि बाइंडिंग एकमेकांचे आहेत का. जुने अल्पाइन बूट सपाट, कडक सोलचे. हल्लीच्या बऱ्याच बुटांना ग्रिपवॉक सोल असतो, थोडा गोलसर, चालायला बरा, रबर लावलेला. टूरिंगच्या, म्हणजे स्की घालून डोंगर चढायच्या, बुटांचा सोल तिसराच. सेकंडहँड बाइंडिंग जुनं असेल आणि फक्त अल्पाइन सोलसाठी बनलेलं असेल तर त्यात ग्रिपवॉक बूट खट् करून बसतो, आवाजही बरोबर येतो, पण सुटताना रबर घासतं आणि पीळ कुठल्या कुठे जातो. बाइंडिंगवर ग्रिपवॉक किंवा जीडब्ल्यू असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर घालायच्या आधी दुकानात विचारा.

दुसरी, पुढचा दाब. हील पीस एका रुळावर मागेपुढे सरकतो आणि आतल्या स्प्रिंगने बुटाला टो पीसकडे दाबून धरतो. स्की वाकते तेव्हा दोन्ही तुकड्यांमधलं अंतर बदलतं, ते ही स्प्रिंग सांभाळते. हा दाब बरोबर आहे का हे बूट आत घालूनच दिसतं, आणि प्रत्येक कंपनीची खूण वेगळी: कुणाचा स्क्रू मागच्या कव्हरच्या पातळीत यावा लागतो, कुणाचा काटा दोन रेषांमध्ये. आधीच्या मालकाचा सोल ३२५ असेल आणि तुमचा ३१५, तर बूट आत अडकेल पण दाब नसेल, आणि मग डिन बरोबर असूनही चालत्या वळणात टाच सुटेल. उलटं असेल तर दाब इतका जास्त की सुटायलाच उशीर.

तिसरी, पंजाखालची घसरपट्टी. टो पीसच्या मागे एक गुळगुळीत किंवा सरकणारा तुकडा असतो, त्यावरून बूट बाजूला घसरून सुटतो. ती पट्टी फाटलेली, खडे रुतलेली, किंवा सरकणारी असून अडकलेली असेल तर बाकी सगळं व्यर्थ. सेकंडहँड घेताना मी पहिल्यांदा बोट तिथे फिरवतो. आणि बुटाचा सोलही बघतो, पार्किंगमधल्या डांबरावर चालून चालून त्याचे पुढचे मागचे ओठ झिजलेले असतात.

चौथी म्हणजे मोजणी, जिच्यासाठी तुम्ही दुकानात पैसे देता. मशीनवर तुमचा बूट तुमच्या बाइंडिंगमध्ये घालून ते प्रत्यक्ष सोडवतात, टो डावीकडे, टो उजवीकडे, टाच वर, दोन्ही स्कींवर, आणि किती न्यूटन मीटरला सुटला ते मोजतात. जुन्या बाइंडिंगमध्ये ग्रीस वाळलेलं असतं, स्प्रिंग थकलेली असते, मग खिडकीत ५.५ आणि मोजणी ५० ची असं होतं. अशा वेळी आम्ही खिडकीतला आकडा सोडतो आणि मोजणी बरोबर येईपर्यंत स्क्रू फिरवतो, त्यामुळे दुकानातून परत आल्यावर डाव्या स्कीवर ५ आणि उजवीवर ५.५ दिसला तर घाबरून स्वतः सारखं करू नका, ते तसंच हवंय. फरक फारच जास्त निघाला, किंवा डावीकडे एक आणि उजवीकडे भलताच आकडा आला, तर ते बाइंडिंग बाद. मोजणीचा छापील कागद मागून घ्या, त्यावर प्रत्येक दिशेचा आकडा असतो. इथली अपघात प्रतिबंधाचं काम करणारी संस्था, बीएफयू, दर सीझनला बाइंडिंग तपासून लावून घ्या असंच सांगते, आणि त्यात दुकानवाल्यांचा धंदा आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे.

आणि हो, बूट सोबत आणा. माणसं स्की घेऊन येतात आणि बूट घरी. बुटाशिवाय आम्ही काहीच करू शकत नाही, नुसता चहा पाजू शकतो.

सेकंडहँडबद्दल अजून एक. प्रत्येक कंपनी कोणती बाइंडिंग मॉडेलं अजूनही आपल्या जबाबदारीखाली आहेत याची यादी काढते, जुनी मॉडेलं त्यातून निघत जातात. अमेरिकेत तर यादीबाहेरच्या बाइंडिंगला दुकानं हातच लावत नाहीत. त्यामुळे ऑनलाइन स्वस्तात स्की घ्यायच्या आधी बाइंडिंगचा फोटो जवळच्या दुकानात दाखवून विचारा की हे तुम्ही लावाल का. ते नाही म्हणाले तर ती स्की फुकट दिली तरी महाग आहे.

घरी स्वतः फिरवायचंच असेल तर निदान पोझिड्राइव्ह ३ नंबरचं टोक वापरा, साधा चौफुली स्क्रूड्रायव्हर दिसतो तसाच पण खाच खराब करतो. केरोसीन, स्प्रेचं तेल असलं काही बाइंडिंगमध्ये मारू नका, आतलं ग्रीस धुतलं जातं. गाडीच्या टपावर उघड्या स्की नेऊ नका, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाण्यासोबत आत जातं. सीझन संपल्यावर स्प्रिंग ढिली करून ठेवायची की नाही यावर लोक तासभर वाद घालतात, मी करत नाही, कारण ढिली केलेली परत लावायला डिसेंबरमध्ये विसरणारे मी खूप बघितलेत.

बूट मधेच सुटतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना एक सांगतो: डिन वाढवणं हा शेवटचा उपाय. आधी बघा की बुटाखाली बर्फाचा गोळा होता का, बाइंडिंगमध्ये पाय घालण्यापूर्वी सोल घासून साफ केला होता का, पुढचा दाब बरोबर आहे का, सोल झिजलाय का. यातलंच काहीतरी निघतं. हे सगळं ठीक असूनही सुटत असेल तर मग टाइपचा परत विचार करू, आणि तेव्हाही एका वेळी एकच ओळ.

आता गुडघा, कारण तुमच्या प्रश्नात शेवटी बायकोने विचारलंय की आकडा बरोबर लावला तर लिगामेंट वाचेल ना. याचं उत्तर नाही असं आहे आणि ते स्पष्ट सांगितलेलं बरं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या शुगरबुशला जॉन्सन, एटलिंगर आणि शीली या तिघांनी १९७२ पासून वर्षानुवर्षं स्कीच्या दुखापतींची नोंद ठेवली, त्यातून दिसलं की बाइंडिंगं सुधारली तशी नडगी मोडण्याचं प्रमाण खूपच खाली आलं, पण गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटच्या दुखापतीत तसं झालं नाही. कारण बाइंडिंग टो पीसपाशी बसणारा पीळ ओळखतं. एसीएल जातो तो बऱ्याचदा मागे बसल्यासारखं पडताना: कंबर गुडघ्याच्या खाली, सगळा भार उताराकडच्या स्कीच्या शेपटीच्या आतल्या कडेवर, आणि ती शेपटी तरफेसारखी गुडघ्याला आत पिळते. टो पीसला यातलं फारसं काही कळतच नाही, त्यामुळे ते सुटत नाही, मग आकडा ४ असो वा ६. तिथे पडण्याची सवयच कामाला येते. हात पुढे ठेवा. तोल गेलाय असं वाटलं तर खाली बसून स्वतःला वाचवायचा प्रयत्न करू नका, आणि घसरत असताना उठायला जाऊ नका, पूर्ण थांबल्यावरच उठा. बायकांमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा जास्त दिसते; आकड्याने ती टळत नसली तरी तिच्या बाबतीत मी ४.५ च्या वर अर्धासुद्धा जाणार नाही.

टूरिंगच्या पिनवाल्या बाइंडिंगचं गणित निराळं आहे, त्यावर तेच आकडे छापलेले असले तरी सुटण्याची रचना वेगळी, आणि चढताना टो लॉक केलेला असतो तेव्हा तर ते सुटायचंच नाही असं समजून चाला. तुमचा तो विषय नाही, सध्या सोडा.

सासऱ्यांनी पुढच्या वर्षी गुलमर्गला जायचं म्हटलंय असंही तुम्ही लिहिलंय. जरूर जाऊ दे. तिथे भाड्याचं सामान जुनं-नवं मिसळलेलं असतं आणि घाईच्या सकाळी रांगेत सगळ्यांना एकाच आकड्यावर स्की मिळायची शक्यता असते. तेव्हा इथल्या दुकानातला मोजणीचा कागद फोनमध्ये ठेवायला सांगा, पण त्यातला ४ डोळे मिटून वापरू नका, तिथल्या बुटाच्या सोलची लांबी वाचायची आणि त्या रकान्यातला आय ओळीचा आकडा घ्यायचा: २९१ ते ३१० ला ४, ३११ ते ३३० ला ३.५. देणारा माणूस 'सब सेट है साब' म्हणेल. त्याला खिडकीत बोट दाखवून टो आणि टाच, दोन्ही स्कींचे चारही आकडे बघायला लावायचे, पुढच्या दाबाची खूण बघायला लावायची, आणि मगच गोंडोलाकडे निघायचं.